नऊ फुटी खोलीत ५५ इंची टीव्ही: धनत्रयोदशी ते आखाजी

आबांनी प्लॅस्टिकची खुर्ची जिथे मांडली होती तिथून टीव्हीच्या पडद्यापर्यंत मी टेप लावला. चार फूट दोन इंच.

टीव्ही तेव्हा ३२ इंची होता. दिवाण आहे, झोका आहे, तरी आबा रोज संध्याकाळी ती खुर्ची ओढत पुढे न्यायचे आणि मागे बसलेल्या सगळ्यांसमोर त्यांची पाठ यायची. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा नवा. म्हणायचे, "भाऊ, तठून माले आकडा दिखत नहीत." आकडे म्हणजे क्रिकेटचा स्कोर आणि बातम्यांच्या खाली सरकणारी पट्टी. आम्ही समजत होतो की वयाचा परिणाम आहे. दोष डोळ्यांचा नव्हता, पडद्याच्या मापाचा होता, हे टेप लावल्यावर कळलं.

मी अमळनेरला सुतारकाम करतो. बावीस वर्षं झाली. वर्षाकाठी दहा-बारा टीव्ही युनिट माझ्या हातून जातात, त्यामुळे टीव्हीची मापं मला सूत-सूत पाठ आहेत. नवा ५५ इंची टीव्ही सहा महिने वापरून झाला, दिवाळी गेली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर माणसांनी भरून गेलं, तेव्हा आता खात्रीने लिहिता येईल असं वाटलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेल दर वर्षी बदलतात. खोलीचं माप तेच राहतं.

आधी इंचाबद्दल. ५५ इंच ही पडद्याची रुंदी नाही, कर्ण आहे. चौकट गुण्यात (काटकोनात) बसली का हे बघायला आम्ही दोन्ही कर्ण ताणून मोजतो, तसंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं हे तिरकं माप. पडदा १६ ला ९ या प्रमाणात असतो, म्हणून प्रत्यक्ष लांबी-रुंदी अशी येते: ३२ इंची म्हणजे दोन फूट चार इंच रुंद आणि पावणेसोळा इंच उंच. ४३ इंची म्हणजे तीन फूट दीड इंच रुंद, २१ इंच उंच. ५५ इंची बरोबर चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच. आठ बाय चारच्या प्लायचा पन्ना चार फुटांचा असतो, म्हणून हे माप माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ६५ इंची जाते चार फूट नऊ इंचांपर्यंत, उंची ३२ इंच. खोक्यावर ४३, ५५ आणि ६५ चे कर्ण सेंटिमीटरमध्ये छापलेले असतात, १०८, १३९, १६४ असे, ते बघून गोंधळू नये.

आता मुख्य गोष्ट. मुलगा धुळ्याला डिप्लोमा करतो, त्याने मला हिशेब समजावून दिला. बघणाऱ्याच्या डोळ्यापासून पडद्याच्या दोन्ही कडांपर्यंत दोन रेषा काढल्या तर त्यांच्यात जो कोन होतो, तो साधारण ३० अंशांचा असला की चित्र नीट भरल्यासारखं वाटतं. हा आकडा एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही तंत्रज्ञांच्या संस्थेच्या नावाने सांगतात. सिनेमा थिएटरसारखा अनुभव हवा असेल तर टीएचएक्स ही थिएटरचा दर्जा ठरवणारी कंपनी ४० अंश सांगते. मापात आणायचं तर सोपं आहे: डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा, त्याला १.६ ने भागलं की कमीत कमी किती इंची टीव्ही हवा ते कळतं, आणि १.२ ने भागलं की जास्तीत जास्त.

३२ ला १.६ ने गुणलं तर ५१ येतात, म्हणजे चार फूट तीन इंच. आबांची खुर्ची होती चार फूट दोन इंचांवर. कोणी न सांगता, कागद-पेन्सिल न घेता, माणूस आपल्या डोळ्यांना जिथे सोयीचं तिथे जाऊन बसला होता, आणि आम्ही महिनोन्‌महिने त्यांना मागे सरका म्हणत होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आमचं घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. बैठकीची खोली नऊ फूट बाय चौदा. टीव्ही एका लांब भिंतीला, दिवाण समोरच्या लांब भिंतीला, आणि पूर्वेच्या टोकाला तुळईला झोका. भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ फूट, म्हणजे १०८ इंच, हे अंतर धरू नका. बहुतेक लोक इथेच चुकतात. लोडाला टेकून बसलं की डोळे मागच्या भिंतीपासून एक फूट पुढे येतात. टीव्ही समोरच्या भिंतीपासून आठ इंच पुढे उभा राहणार होता, त्याचं कारण पुढे सांगतो. १०८ मधून २० गेले, उरले ८८. सात फूट चार इंच. भागिले १.६ केलं की ५५. भागिले १.२ केलं की ७३. म्हणजे ५५ पासून ७३ पर्यंत कुठलाही चालेल आणि ४३ चालणार नाही. मी तोवर ४३ घ्यायचं मनाशी ठरवून बसलो होतो.

हिशेबावर माझा विश्वास होता, पण सुतार डोळ्याने बघितल्याशिवाय लाकूड कापत नाही. दिवाणावर आबा जिथे टेकतात त्या जागी, डोळ्याच्या उंचीवर, एक खिळा धरून दोन दोऱ्या बांधल्या. कोनमापकाने ३० अंशांचा कोन धरून दोऱ्या समोरच्या भिंतीच्या आठ इंच अलीकडे, पडदा येणार होता तिथपर्यंत नेल्या. तिथे दोन दोऱ्यांमध्ये तीन फूट अकरा इंच आले. ४० अंशांचा कोन केला तर पाच फूट चार इंच. पण आमच्या त्या भिंतीला स्वयंपाकघराचं दार आणि देवळी यांच्यामध्ये मोकळी जागाच पाच फूट दोन इंच आहे.

मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून ४३, ५५ आणि ६५ अशा तिन्ही मापांचे तुकडे कापले, काळा रंग दिला आणि एकेक तुकडा तीन-तीन दिवस भिंतीवर लावून ठेवला. हे काम प्रत्येकाने करावं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवली तरी चालतात. पण दोन-तीन दिवस राहू द्यावीत, कारण पहिल्या दिवशी मोठं माप सगळ्यांना राक्षसासारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी डोळे सरावतात. ४३ चा तुकडा पहिल्याच संध्याकाळी लहान वाटला. ६५ चा बघायला छान होता, पण मुलाच्या आईने सांगितलं की स्वयंपाकघरातून पाण्याचा हंडा, परात घेऊन येता-जाता त्याच्या कडेला धक्का लागणार. दाराच्या चौकटीपासून जेमतेम अडीच इंच उरत होते. तिचं म्हणणं खरं होतं. ५५ ठरला.

दुकान धुळ्याच्या आग्रा रोडवरचं. धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी गेलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, त्यामुळे त्या दिवाळीत गर्दी भरपूर होती. ४३ इंची सत्तावीस हजार, ५५ इंची साडेअडतीस, ६५ इंची सत्तावन्न. मी लॅमिनेट चौरस फुटाने घेतो, तसा इथेही दर काढला. ४३ च्या पडद्याचं क्षेत्रफळ साडेपाच चौरस फूट, ५५ चं नऊ, ६५ चं साडेबारा. चौरस फुटाला ४३ पडत होता चार हजार नऊशे, ५५ चार हजार तीनशेच्या आत, आणि ६५ साडेचार हजारांच्या वर. नावात बारा इंचांचा फरक दिसतो, पण ४३ पेक्षा ५५ मध्ये चित्र दीडपटीहून जास्त मिळतं. जुन्या कराने हाच टीव्ही सव्वातीन हजारांनी महाग पडला असता.

दुकानातल्या मुलाने सुरुवातीला ६५ पुढे केला. त्याचा दोष नाही. त्यांचा हॉल तीस फूट लांब, छत उंच, भिंतभर टीव्ही ओळीने लावलेले, तिथे ५५ खरोखरच लहान दिसतो. मी टेप काढला, पडद्यापासून सात फूट चार इंच मोजले आणि म्हटलं, इथे मला एक स्टूल दे. त्याने लगेच आणून दिलं. गर्दीच्या दिवशी पाऊण तास मी त्या स्टुलावर बसलो, त्याने तक्रार केली नाही, उलट दोन गिऱ्हाइकांना तेच स्टूल दिलं. उभं राहून टीव्ही निवडू नका. घरी कोणी उभ्याने बघत नाही.

मी त्याला आणखी एक गोष्ट करायला लावली, ती फार उपयोगी पडली. समोरून बघून झाल्यावर ४५ अंशांत कडेला सरकलो, कारण आमचा झोका तिथे आहे. तिथून शेजारीशेजारी लावलेल्या दोन ५५ इंची टीव्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसला. एकाचे रंग फिके पडले, काळा भाग राखेसारखा दिसायला लागला. दुसऱ्याचं चित्र तसंच राहिलं. पहिल्यात व्हीए जातीचं पॅनल होतं, दुसऱ्यात आयपीएस. व्हीएचा काळा रंग समोरून जास्त गडद असतो, अंधाऱ्या खोलीत सिनेमे बघणाऱ्याने तेच घ्यावं. आयपीएस कडेने बघायला चांगलं. खोलीत माणसं सगळीकडे पसरून बसत असतील, तर आयपीएस घ्या. आणि कडेने बसणाऱ्याला टीव्ही अरुंदही दिसतो, हे कोणी सांगत नाही. ४५ अंशांतून चार फुटांची रुंदी दोन फूट दहा इंचांएवढीच भासते. ४३ इंची टीव्ही घेतला असता तर आबांच्या झोक्यावरून तो आमच्या जुन्या ३२ सारखाच दिसला असता.

बसवायला आलेल्या माणसाशी मात्र माझं जमलं नाही. तो दारातूनच वर बोट दाखवून म्हणाला, पाच फुटांवर ब्रॅकेट मारतो, छान दिसेल. एक तर आमची भिंत दोन फुटी, पण मातीची. कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, आज घट्ट वाटतो आणि पावसाळ्यात भिंत दमट झाली की सैल होतो. चौदा किलोंचं काचेचं सामान मी त्याच्या भरवशावर टांगणार नव्हतो. धाब्याच्या घरात राहणाऱ्यांनी ब्रॅकेटचा नाद सोडावा, किंवा मागे जमिनीपासून उभी लाकडी चौकट करून तिच्यावर टांगावा.

दुसरं, उंची. दिवाणाची बैठक १७ इंच, त्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४४-४५ इंचांवर. खाली चटईवर बसलेल्याचे ३० इंचांच्या आसपास. पडद्याचा मध्य या दोघांच्या दरम्यान यायला हवा. पाच फुटांवर ब्रॅकेट म्हणजे तासभर मान वर करून बसणं, आणि आबांना मानेचा त्रास आधीच आहे. मी गिऱ्हाइकांच्या घरी शोकेसच्या वर, दाराच्या चौकटीच्या उंचीला लावलेले टीव्ही बघतो तेव्हा जीव तुटतो. एवढे पैसे घालून घरच्या म्हाताऱ्या माणसांना आपण रोज छताकडे बघायला लावतो.

मी जुन्या सागाचं २४ इंच उंचीचं कपाट केलं. टीव्हीचे पाय तीन इंच, पडद्याची निम्मी उंची साडेतेरा, मध्य आला साडेचाळीस इंचांवर. कपाटावर टीव्ही पायांवर उभा आहे, म्हणून तो भिंतीपासून आठ इंच पुढे. इथे एक सावधगिरी सांगतो: आताच्या टीव्हींचे पाय मध्ये नसतात, दोन टोकांना असतात. माझ्या टीव्हीच्या दोन पायांत ४४ इंचांचं अंतर आहे. जुन्या साडेतीन फुटी टेबलावर तो उभाच राहिला नसता. टीव्ही घेण्याआधी पायांतलं अंतर विचारा, आणि टीव्ही युनिट आधी करून ठेवू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाने ४३ च्या मापाचा कोनाडा करून घेतला, वर्षभराने ५५ आणला आणि नवंकोरं युनिट फोडावं लागलं. ते फोडताना त्याच्याइतकंच मलाही वाईट वाटलं.

आता सहा महिन्यांचा वापर. चित्र चांगलं आहे, पण जे लावाल तसं दिसतं. जुन्या केबलवरची आणि फ्री डिशवरची साधी एसडी चॅनेल अजून ५७६ ओळींचीच आहेत. ती ३२ वर खपून जायची, ५५ वर चेहरे मेणासारखे दिसतात. घरात दिवसभर अशीच चॅनेल चालत असतील तर मोठ्या मापाचा आनंद अर्धाच मिळेल, हे घेण्याआधी मनाशी धरा. आम्ही क्रिकेट आणि बातम्यांसाठी एचडी घेतलं, त्याचे महिन्याला पैसे वाढले. यूट्यूबवरची अहिराणी गाणी काही आरशासारखी स्वच्छ दिसतात, काही जुनी अगदी धूसर. त्यात टीव्हीचा दोष नाही.

फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट. मी प्रामाणिकपणे सांगतो, दिवाणावरून, सात फूट चार इंचांवरून, मला दोन्हींत फरक जाणवत नाही. हिशेबही तेच सांगतो: चांगला डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो, आणि ५५ इंची फुल एचडीचे ठिपके सव्वासात फुटांच्या पुढे एकमेकांत मिसळतात. फरक दिसतो तो खाली चटईवर पाच फुटांवर पालथ्या पडलेल्या पोरांना. या मापात आता बहुतेक टीव्ही फोर-केच मिळतात, तेव्हा त्यासाठी वेगळा जीव टाकू नका. जवळून बघितल्याने डोळे बिघडतात ही भीतीही आमच्या घरात होती. तिथून डोळे थकतात, म्हणून तासाभराने मी त्यांना उठवतो, पण डोळे बिघडत नाहीत.

आवाज ही खरी उणीव. एप्रिलमध्ये खोलीत कूलर लागला आणि टीव्हीचा २० वॉटचा आवाज त्याच्या घरघरीत बुडून गेला. चित्र एवढं मोठं आणि संवाद कळत नाहीत. आवाज ४५ वर नेला तर फाटतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून टीव्ही बघता येत नाही, म्हणून साउंडबारचे चार-पाच हजार पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. मी धरले नव्हते, आता घेतोय.

काच चकचकीत आहे. पश्चिमेची खिडकी उघडी असली की संध्याकाळी अर्ध्या पडद्यावर गल्ली दिसते. पडदा जेवढा मोठा तेवढं खिडकीचं प्रतिबिंब मोठं. खिडकीला जाड कापडी पडदा शिवून घेतला, काम झालं. रात्री उजेड डोळ्यांवर येतो, त्यासाठी बॅकलाइट निम्म्यावर आणला. दुकानातली भडक रंगांची सेटिंग पहिल्याच दिवशी बदलली. व्होल्टेजची भीती वाटत होती, पण मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे, तेव्हा स्टॅबिलायझर न घेता चांगलं स्पाइक गार्ड लावलं.

आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी आल्या, त्यांची पोरं आली. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस झाल्यावर अकरा माणसं त्या नऊ बाय चौदाच्या खोलीत बसली. चार दिवाणावर, बाकी खाली, झोक्यावर आबा आणि धाकटी भाची. थोरली बहीण दारातच थांबून म्हणाली, "कितला मोठा शे रे हाऊ!" संध्याकाळी आयपीएलची मॅच लागली. मी आबांकडे बघत होतो. त्यांनी एका पायाने झोका सावकाश रेटला, आणि भाचीला शेवटच्या षटकात किती धावा हव्यात ते वाचून दाखवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आते आठून बी दिखस."

प्लॅस्टिकची खुर्ची दिवाळीपासून ओट्यावर आहे.

ज्यांची खोली दहा-अकरा फुटांची आहे, नव्या रो-हाऊसमध्ये असते तशी, आणि सोफा भिंतीला टेकलेला आहे, त्यांच्या डोळ्यांपासून पडदा साधारण नऊ फुटांवर येतो. त्यांनी मागेपुढे न बघता ६५ घ्यावा. सहा फुटांच्या आत बसणाऱ्यांनाच ४३ पुरतो, झोपायच्या खोलीत ठीक. मधल्या मापाला ५० इंचीही मिळतो, तो साडेसहा फुटांसाठी बरा. पण माझ्यावर किंवा दुकानदारावर विसंबून पैसे देऊ नका. घरातलं सगळ्यात कमी दिसणारं माणूस कुठे बसतं ते बघा आणि टेप तिथून लावा.

पुठ्ठ्याचे तिन्ही तुकडे माझ्या वर्कशॉपमध्ये भिंतीला उभे करून ठेवले आहेत. आतापर्यंत गल्लीतल्या चार घरांत फिरून आले. अमळनेरात कोणाला हवे असतील तर घेऊन जा, तीन दिवस लावा, आणि कोपरे न दुमडता परत आणून द्या.